दुकानासाठी कार्ड मशिन घेताय? मशिन नंतर बघा, आधी दरपत्रक मागा

दुकानात कार्ड मशिन बसवायचं ठरलं की दुकानदार हमखास विचारतो, "कुठल्या कंपनीचं घेऊ?" शेजारचा आपल्याकडे असलेल्या कंपनीचं नाव सांगतो, मेहुणा त्याच्या ओळखीच्या बँकेचं सांगतो आणि दारात उभा असलेला सेल्सवाला म्हणतो, "काका, एकदम फ्री आहे, नुसती इथं सही करा." मी सांगलीत छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते. कापडवाले, चपलांचे दुकानदार, मेडिकल, चष्म्याचं दुकान, एकदोन हॉटेलं. बहुतेकांची मशिनं माझ्या डोळ्यांदेखत आली, काहींची परतही गेली. पाइन लॅब्स, पेटीएम, फोनपे, एमस्वाइप, स्टेट बँक, एचडीएफसी, कुणाचंही घ्या, मशिन कार्ड वाचतंच. पैसे जातात ते कागदात काय लिहिलंय त्यावर. म्हणून या लेखात मशिनबद्दल थोडं आणि कागदाबद्दल पुष्कळ आहे.

मशिन लागतंय का?

वडापावची गाडी, झेरॉक्सचं दुकान, दोनशे-तीनशेची बिलं होणारा किराणा, यांनी मशिनच्या फंदात पडू नये. क्यूआर आणि साउंडबॉक्स पुरे. यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही. मग भाडं भरून मशिन कशाला? आणि "आयकरात फायदा होतो म्हणून मशिन घ्या" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अनुमानित नफ्यावर कर भरणाऱ्याला रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरायची सोय आहे, हे खरं. पण ती यूपीआयच्या जमेलाही लागू आहे.

ज्यांची बिलं हजारांत जातात त्यांना मात्र मशिन हवंच. लग्नाचा बस्ता घ्यायला आलेलं कुटुंब, मोबाइल घेणारा, प्रोग्रेसिव्ह चष्मा करणारा, ही माणसं क्रेडिट कार्ड काढतात. नाही म्हटलंत तर "एटीएममधून काढून आणतो" म्हणून बाहेर पडतात, आणि त्यातली सगळी परत येत नाहीत.

कागदपत्रं आणि नेटवर्क

पॅन, आधार, शॉप ॲक्ट किंवा उद्यम, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, कॅन्सल्ड चेक, पाटीसकट दुकानाचा फोटो. खातं दुकानाच्या नावाचं करंट असू द्या. बास.

मशिनच्या आत सिम असतं. गल्ल्याच्या जागी, शटर अर्धं ओढून, कुठल्या कंपनीची रेंज येते ते स्वतःच्या आणि नोकरांच्या फोनवर बघा आणि तेच सिम घालून मागा. जुन्या दगडी वाड्यातलं किंवा तळघरातलं दुकान असेल तर वायफाय चालणारं मशिनच घ्या.

कुठलं मशिन?

पट्टी छापणारं, टॅप घेणारं, पडद्यावर क्यूआर दाखवणारं साधं अँड्रॉइड मशिन. मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा छोटा डबा देत असतील तर नको म्हणा. ज्याच्या मोबाइलला तो जोडलेला असतो तो नोकर नेमका जेवायला गेलेला असतो. बिलिंग, स्टॉक, ग्राहकांना मेसेज असल्या जादा सोयींसाठी महिन्याला वेगळे पैसे मागतात, तेही नकोत. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर आधीच आहे.

दरपत्रक

इथं सावकाश चला. सुरुवातीला मलाही हे कोष्टक उलगडायला बराच वेळ लागायचा, कारण ते दुकानदाराला कळावं म्हणून कुणी छापतच नाही.

"रेट ०.९ पासून" हे सेल्सवाल्याचं ठरलेलं वाक्य. ऐकणाऱ्याला वाटतं, सवलत मिळाली. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या नियमानं डेबिट कार्डावर जास्तीत जास्त एवढंच घेता येतं. १ जानेवारी २०१८ पासूनचा नियम असा: ज्याची मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे, त्याच्याकडून मशिनवर डेबिट कार्डाला ०.४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर ०.९० टक्के आणि कमाल १००० रुपये. म्हणजे तुमची विक्री वर्षाला १५ लाख असताना कुणी ०.९ सांगत असेल, तर तो तुम्हाला सवलत देत नाही, दुपटीहून जास्त लावतोय. आणि रुपे डेबिटला तर शून्यच.

क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथं कंपनी मागेल तो दर. त्यातही क्रेडिट कार्ड म्हणजे एकच ओळ नसते. साधं कार्ड, प्रीमियम कार्ड, कंपन्यांनी अधिकाऱ्यांना दिलेलं कॉर्पोरेट कार्ड, परदेशी कार्ड, अमेक्स आणि डायनर्स, प्रत्येकाचा दर निराळा. सेल्सवाला तोंडी साध्या कार्डाचा सांगतो. "प्रीमियमवाले सांगलीत कोण येतंय?" असंही वर म्हणतो. येतात. सिग्नेचर, इन्फिनिट, वर्ल्ड अशी नावं छापलेली कार्डं आता पगारदार पोरांच्या पाकिटात असतात, बँका फोन करकरून देतात. त्यामुळे प्रीमियमचा दर हा तुमच्यासाठी खरा दर आहे असं धरून चाला.

तेव्हा तोंडी काही ऐकू नका. कंपनीच्या ईमेलवरून लेखी दरपत्रक मागवा आणि त्यात या सगळ्या ओळी वेगवेगळ्या हव्यात: रुपे डेबिट, व्हिसा-मास्टरकार्ड डेबिट, साधं क्रेडिट, प्रीमियम, कॉर्पोरेट, परदेशी, क्यूआरवरून आलेलं रुपे क्रेडिट, आणि ईएमआय. शिवाय मशिनचं भाडं, बसवण्याचा आकार, डिपॉझिट, ठरावीक विक्री न झाल्यास लागणारा दंड, आणि किती महिने मशिन परत करता येणार नाही ते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला रंगीत फोटो दरपत्रक नव्हे. पाठवणारा पोरगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत असतो.

आता हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, पण विक्रीची विभागणी मी बघते त्या कापड दुकानांच्या जवळ जाणारी आहे. समजा महिन्याला कार्डावर ३ लाख विक्री झाली. त्यात रुपे डेबिट ४० हजार, बाकीचं डेबिट ८० हजार, साधं क्रेडिट १ लाख २० हजार, प्रीमियम क्रेडिट ६० हजार.

पहिली कंपनी महिन्याला ४०० रुपये भाडं घेते, डेबिट ०.९, साधं क्रेडिट १.६, प्रीमियम २.४. कमिशन झालं ७२० अधिक १९२० अधिक १४४०, म्हणजे ४०८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ७३४ रुपये. भाडं जीएसटीसह ४७२. एकूण ५२८६.

दुसरी कंपनी म्हणते मशिन फुकट, डेबिट ०.९, क्रेडिट सरसकट २.२५. कमिशन ७२० अधिक ४०५०, म्हणजे ४७७०. जीएसटी ८५९. एकूण ५६२९. फुकटचं मशिन महिन्याला साडेतीनशेच्या आसपास महाग पडलं.

पण हेच दुकान महिन्याला कार्डावर साठच हजार करत असेल तर? पहिल्या कंपनीला १४३५ रुपये द्यावे लागतात, दुसरीला ११२६. इथं फुकटचं मशिन खरंच स्वस्त. या दोन दरपत्रकांत पारडं फिरतं ते महिन्याला पावणेदोन लाखांच्या सुमाराला. तुमच्या आकड्यांनी ते कुठं फिरतं, हे वहीच्या मागच्या पानावर पाच मिनिटांत काढता येतं. "भाडं नाही तेच घ्या" आणि "फुकटात काही चांगलं मिळत नाही" हे दोन्ही सल्ले मला सारखेच रिकामे वाटतात, कारण देणाऱ्यानं तुमची विक्री विचारलेलीच नसते.

दोन बारीक गोष्टी. एका व्यवहाराची रक्कम २००० रुपयांपर्यंत असेल तर कार्डाच्या कमिशनवर जीएसटी लागत नाही. कापलेला दिसला तर विचारा. आणि नेहमीच्या जीएसटी नोंदणीत असाल तर कापलेला जीएसटी परत मिळतो, कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीची, विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायची जीएसटी योजना) असाल तर नाही. कंपोझिशनवाल्यानं तो खर्चातच धरावा.

घासाघीस करा. भाज्यांच्या बाजारात करतो तशी बिनदिक्कत करा. डेबिटच्या ओळीवर वेळ घालवू नका. प्रीमियम आणि साधं क्रेडिट याच ओळी ओढा, आणि "विक्री कमी झाली तर दंड" ही ओळ पूर्ण खोडून घ्या. भाडं कमी करायला सेल्सवाला लगेच तयार होतो. त्यावर खूश होऊन क्रेडिटचा दर विसरू नका.

फॉर्म

कोरा फॉर्म सही करून देऊ नका. सेल्सवाला "मी भरतो हो" म्हणतो आणि उलाढालीच्या चौकटीत २० लाखांच्या वरची खूण करून मोकळा होतो. मग तुमचं ०.४० चं दुकान ०.९० मध्ये जातं, आणि ते परत बदलून घेणं हा स्वतंत्र उद्योग. धंद्याच्या प्रकारासाठी चार आकडी कोड असतो, किराण्याला ५४११, औषध दुकानाला ५९१२, दागिन्यांना ५९४४. तो आपला आहे ना, बघा. आमच्या ओळखीच्या एका मेडिकलवाल्याचा कोड भलत्याच धंद्याचा पडला होता आणि दर का चढा आहे हे बरेच महिने कुणाला कळेना. जीएसटी नंबर फॉर्ममध्ये घातला नाहीत तर कंपनीचं बिल तुमच्या नंबरवर येत नाही, आणि कापलेला जीएसटी परत मिळत नाही.

सगळ्यात लपलेला कागद म्हणजे खात्यातून भाडं आपोआप कापण्याची परवानगी, ई-नॅच. त्यावर कमाल रक्कम लिहिलेली असते. भाडं ४०० असताना ५००० ची किंवा त्याहून मोठी मर्यादा टाकलेली मी पाहिली आहे. ती कमी करून घ्या. त्यापेक्षा चांगलं म्हणजे भाडं रोजच्या जमेतून कापायला सांगा.

पैसे खात्यात कसे येतात

कार्डाचे पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी जमा होतात. "लगेच पैसे" अशी सोय असते, तिला जादा आकार असतो आणि ती कधीकधी आपोआप चालू असते. बंद करा. साड्यांच्या दुकानाला उद्याचे पैसे आज कशाला लागतात?

मुख्य भानगड जमेच्या रकमेची. बहुतेक कंपन्या कमिशन कापून उरलेले पैसे एकाच ओळीत टाकतात. एक दिवस जवळून बघू. शनिवारी कार्डावर चार बिलं झाली: रुपे डेबिटवर २४५०, व्हिसा डेबिटवर ११८०, प्रीमियम क्रेडिटवर ६९९९, साध्या क्रेडिटवर ३२००. बेरीज १३,८२९. वरच्या पहिल्या दरपत्रकानं पहिल्यावर काही कापलं नाही. दुसऱ्यावर १० रुपये ६२ पैसे, आणि २००० च्या आत म्हणून जीएसटी नाही. तिसऱ्यावर १६७.९८ आणि जीएसटी ३०.२४. चौथ्यावर ५१.२० आणि जीएसटी ९.२२. पासबुकात एकच आकडा उमटला: १३,५५९.७४. या आकड्याकडे बघून कोण सांगेल की यात चार बिलं आहेत?

पुष्कळ दुकानदार हे १३,५५९.७४ विक्री म्हणून लिहितात. तसं लिहू नका. जीएसटीच्या दृष्टीनं विक्री १३,८२९ चीच आहे. तुम्ही कमी दाखवलीत तर उद्या नोटीस तुम्हाला येणार, मशिनवाल्याला नाही. शिवाय २२९.८० रुपये कमिशन हा तुमचा खर्च आणि ३९.४६ हा जीएसटी, दोन्ही हातचे गेले.

माझी पद्धत अशी. टॅलीत किंवा वहीत "कार्ड येणे" नावाचं एक खातं काढा. दिवसाची कार्डावरची पूर्ण विक्री, १३,८२९, त्या खात्याच्या नावे टाका. सोमवारी किंवा मंगळवारी बँकेत पैसे आले की त्याच खात्याच्या जमेला तीन आकडे लिहा: बँक १३,५५९.७४, कमिशन २२९.८०, जीएसटी ३९.४६. खातं शून्यावर यायला हवं. त्यात एकदोन दिवसांच्या विक्रीपेक्षा जास्त बाकी दिसली तर कुठंतरी पैसे अडकलेत. एवढं एक खातं असलं की मशिनवाल्याशी भांडायला तारीख आणि रक्कम दोन्ही हातात असतात. यूपीआयसाठी वेगळं खातं ठेवा, दोन्ही एकत्र केलंत तर काहीच जुळणार नाही.

यूपीआयचे पैसे तरी पूर्ण यायला हवेत ना, असं विचारतात. बहुधा येतात. पण त्याच क्यूआरवर गिऱ्हाईक रुपे क्रेडिट कार्डानंही पैसे देऊ शकतं. छोट्या दुकानदाराला २००० रुपयांपर्यंत त्यावर आकार नाही, त्याच्या वर कापलं जातं. २००० च्या वरची रक्कम वॉलेटमधून आली तरी कपात होऊ शकते. तूट दिसली की आधी हे तपासा, मग फोन लावा.

दर तीन महिन्यांनी एक भागाकार करा: एकूण कापलेले पैसे भागिले कार्डाची एकूण विक्री. वरच्या नमुन्यात भाड्यासकट तो १.७६ टक्के येतो. तुमचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा चढला असेल तर एकतर प्रीमियम कार्डं वाढलीत, नाहीतर दर गुपचूप बदललाय. बहुतेक करारांत कंपनीला दर बदलायचा हक्क असतो आणि त्याचा मेसेज जाहिरातींच्या गर्दीत येऊन जातो.

गल्ल्यावर बसणाऱ्याला सांगायच्या गोष्टी

मशिननं "अप्रूव्ह्ड" म्हटल्याशिवाय माल द्यायचा नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा मेसेज आला असला तरी नाही. मशिनला मंजुरी पोचली नाही तर नियमानं ते पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत, आणि त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई त्याला मिळते. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक गिऱ्हाइकं दुसरं कार्ड काढतात.

५००० पर्यंत टॅपला पिन लागत नाही, म्हणून रक्कम टाकून मशिन आधी गिऱ्हाइकाला दाखवायचं. चुकलेला व्यवहार त्याच दिवशी, बॅच (मशिनमधला दिवसाच्या व्यवहारांचा गठ्ठा) बंद व्हायच्या आत, रद्द करायचा. नंतर केला तर तो परतावा धरला जातो आणि त्यावर कापलेलं कमिशन परत मिळेल याची खात्री नाही. जुनं मशिन असेल तर रात्री ही बॅच बंद करणारं "सेटलमेंट" दाबल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. छापील पट्ट्यांवरची अक्षरं उन्हात आणि प्लास्टिकच्या पाकिटात पुसट होतात, तेव्हा मोठ्या बिलांच्या पट्ट्यांचा त्याच दिवशी फोटो काढायचा. गिऱ्हाइकानं बँकेत व्यवहार नाकारला तर तीच पट्टी आणि बिल मागतात.

"कार्डाला दोन टक्के जास्त पडतील" हे वाक्य बंद करा. डेबिट कार्डावर तसं घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाईच आहे, आणि क्रेडिटवर तुमच्या करारात बहुधा असते. परवडत नसेल तर किमतीत धरा. ओळखीतलं कुणी "कार्ड घासतो, रोख दे" म्हणालं तर नातं तुटलं तरी चालेल, नाहीच म्हणा. असे व्यवहार पकडले की मशिन बंद होतं आणि जमा व्हायचे पैसेही अडकतात. शेजाऱ्याचं बिल आपल्या मशिनवर घेऊ नका. ती विक्री तुमच्या नावावर चढते, आणि शेजारी जीएसटी भरायला येत नाही.

मशिन परत करताना

मशिन कपाटात ठेवून दिलं म्हणजे परत केलं असं होत नाही, भाडं चालू राहतं. आधी ईमेलनं बंद करण्याची विनंती पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्यात पट्टीवर छापलेले टीआयडी (मशिनचा क्रमांक) आणि एमआयडी (दुकानाचा क्रमांक) दोन्ही लिहा. "कार्ड येणे" खातं शून्यावर येईपर्यंत थांबा. मशिन न्यायला माणूस आला की मागच्या बाजूच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा, तोच नंबर, चार्जर आणि सिम पोचपावतीवर त्याच्या हातानं लिहून सही घ्या. पावतीचं पुस्तक आणलं नाही म्हणाला तर परत पाठवा, उद्या घेऊन येईल. मग आपल्या बँकेत जाऊन ई-नॅच रद्द करा, कंपनीनं केलं असेल या भरवशावर राहू नका, आणि पुढचे दोन महिने पासबुकात त्या नावाची ओळ येते का बघा.